आम्ही म्हसळ्याला उतरलो

म्हसळा हे नाव वाचकांपैकी पुष्कळांनी एस.टी.च्या पाटीवर वाचलेले असेल. पण म्हसळ्याला उतरलेले फार थोडे. श्रीवर्धनला, दिवेआगरला किंवा हरिहरेश्वरला जाताना हे गाव वाटेत लागते. माणगावला गोव्याचा हमरस्ता सोडावा, मोर्बा आणि साई मागे टाकावीत, घोणसे घाटातली वळणे जीव मुठीत धरून पार करावीत, की गाडी म्हसळ्याच्या स्टँडवर येऊन थांबते. उतारू चहा घेतात, मुले खाऊ मागतात, आणि "समुद्र अजून किती लांब?" एवढे एकच विचारून सगळे पुढे निघून जातात.

म्हसळ्याला समुद्र नाही, म्हणून पाहुणाही नाही. राजपुरीच्या खाडीचे एक बोट तेवढे गावाच्या जवळपर्यंत आत आलेले आहे. भरतीला ते भरते, ओहोटीला नुसता चिखल, तिवरे आणि खेकडे.

या गावी आम्ही डोंबिवलीचा ब्लॉक विकून बिऱ्हाड केले आहे. दिवाळीच्या फराळाला आलेली मंडळी पहिला लाडू फोडतानाच विचारतात, "पण म्हसळाच का?" त्यांच्या डोळ्यांसमोर नारळीपोफळी आणि पडवीतला झोपाळा असतो. आमचे हेही आधी दिवेआगर, दिवेआगर असेच म्हणत होते. मीच त्यांना एका बुधवारी किनाऱ्यावरच्या एका गावी नेले. शनिवारी जिथे गाडी लावायला जागा नव्हती, तिथे बुधवारी औषधाची एक पुडी मिळेना. दर तिसरे घर खोल्या भाड्याने देणारे आणि जमिनीचा भाव मुंबईकराच्या खिशाकडे बघून सांगितलेला. उतारवयात माणसाला समुद्र रोज लागत नाही. दूध, भाजी, बँक, डॉक्टर आणि रक्तदाब मोजणारा कंपाउंडर मात्र लागतो. म्हसळा तालुक्याचे ठिकाण आहे, बाजारपेठ आहे, आणि हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मोठ्या दुखण्याला माणगाव, अलिबाग नाहीतर पनवेल गाठावे लागते, तेही पावसात घाट उतरून; हे मी कोणापासून लपवीत नाही. ज्यांना आठवड्याला मोठ्या इस्पितळात जावे लागते त्यांनी इकडे येऊ नये.

डोंबिवलीचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. माझे गुडघे एवढेच काय ते कारण. सोसायटीतले लोक म्हणत होते, "थोडं थांबा, पुनर्विकास होतोय, लिफ्टसकट मोठी जागा मिळेल." ही थोडी वाट आम्ही नऊ वर्षे पाहिली. तेवढ्या काळात पाच बिल्डर येऊन गेले आणि माझ्या गुडघ्यांनी पुनर्विकास मुळीच मनावर घेतला नाही.

ब्लॉक विकणे हे काम मी समजत होते त्याहून सोपे निघाले. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या, भागपत्राची मूळ प्रत आणि सोसायटीचे येणे नसल्याचा दाखला एवढे एका फाइलीत असले की गिऱ्हाईकाची बँक गप्प बसते. हस्तांतरासाठी सोसायटीने जास्तीत जास्त २५ हजार रुपये अधिमूल्य घ्यावे असा सरकारी आदेश २००१ सालापासून आहे. "इमारत निधीला स्वखुशीने" म्हणून त्यावर जे मागतात ते द्यायची खुशी नसेल तर देऊ नये. आम्ही एक गोष्ट मात्र करारात हट्टाने घालून घेतली: ताबा सहा महिन्यांनी. गिऱ्हाईक तरुण जोडपे होते, त्यांनाही कर्जाची घाई नव्हती. ब्लॉकची किल्ली द्यायची आणि पुढच्या घराचा पत्ता नाही, या अवस्थेत म्हाताऱ्या माणसांनी सापडू नये.

कराविषयी दोन शब्द, कारण आमच्या ओळखीत दोघांनी त्यात हात पोळून घेतले आहेत. बरीच वर्षे राहिलेले घर विकून जो नफा होतो, तो दुसऱ्या राहत्या घरात घातला तर त्यावरचा प्राप्तिकर वाचतो. घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावे. बांधायचे असल्यास तीन वर्षांत पुरे करावे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खर्ची न पडलेला नफा बँकेतल्या भांडवली नफ्याच्या खास खात्यातच ठेवावा लागतो, साधी मुदतठेव चालत नाही. आणि गावाकडे घर स्वस्त मिळाले म्हणून हरखून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की नफ्याचा जो भाग नव्या घरात गेला नाही त्यावर कर द्यावाच लागतो. नुसती वाडी घेऊन त्याला घर म्हणता येत नाही; आणि शेतजमीन तर ज्याच्या नावावर शेती नाही त्याला महाराष्ट्रात सहसा घेताच येत नाही. आमच्या दोघांच्या घराण्यात सातबारा कोणी पाहिलेला नव्हता. म्हणून आम्ही गावठाणातले घरच शोधत होतो.

घर मिळाले ते बाजारपेठेमागच्या गल्लीत. जांभ्या दगडाच्या भिंती, मागे विहीर आणि एक अवाढव्य फणस. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने वर आले, तेव्हा या भागातल्या आंबा-पोफळीच्या बागा झोपल्या आणि कौले पाचोळ्यासारखी उडाली. या घराचीही अर्धी कौले गेली होती आणि तेवढ्या भागावर निळा पत्रा बसला होता. आम्ही हे घर दोनदा पाहिले: एकदा आषाढात, छप्पर कुठे गळते ते बघायला, आणि एकदा वैशाखात, विहिरीचा तळ दिसतो का ते बघायला. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात टँकरची वाट बघणारी गावे आहेत. दलाल घर दाखवतो ते दिवाळीनंतर, सगळे हिरवे आणि कोरडे असताना.

घरमालक कोकणी मुसलमान. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तारुण्यात बोटीवर होते, आता दम्याने खाटेवर. त्यांनी लोखंडी पेटी उघडून कागद पुढे टाकले, तेव्हा त्या घराचे तीन पत्ते निघाले. सर्वांत जुन्या मोडी कागदावर जंजिरा संस्थान. कारण म्हसळा हा सिद्दी नवाबाचा महाल होता आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत इथला सरकारी कागद मुरुडच्या नावाने निघे. त्यानंतरच्या पावत्यांवर जिल्हा कुलाबा. १९८१ पासून जिल्हा रायगड. हे नाव बदलले तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले, याच तालुक्यातल्या आंबेतचे. घर जागचे हलले नाही आणि पत्ता मात्र दोनदा बदलला. डोंबिवलीत आम्ही उलटे केले होते.

पण तिन्ही पत्त्यांवर नाव एकाच माणसाचे, चाचांच्या वडिलांचे. आणि ते जाऊन तीस वर्षे झालेली. कोकणात घर विकत घ्यायचे म्हणजे एका माणसाकडून घ्यायचे नसते, साऱ्या कुटुंबाकडून घ्यायचे असते. चाचा स्वतः, एक भाऊ कुवेतला, दुसरा भाऊ वारलेला, त्याची बायको आणि मुलगा मुंब्र्याला, आणि एक बहीण श्रीवर्धनला दिलेली. कुवेतच्या भावाने मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून धाडले. असा कागद इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांकशुल्क भरावे लागते. मुंब्र्याची मंडळी स्वतः आली. राहिली बहीण.

"आपाचं काय काम?" दलाल म्हणाला. "तिने कधी हक्क मागितला नाही. हक्क सोडलाय तिने तोंडीच."

तोंडी सोडलेला हक्क कचेरीत दिसत नाही. हक्कसोडपत्र नोंदलेले असावे लागते. आमच्या वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली होती, तीस वर्षांचा शोध घेतला होता. पण ते म्हणाले, "नोटीस वाचून बहीण येईल असं नाही. पुढे तिची मुलं मात्र येतील." शरियतीप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे. आमच्या हिंदूंत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित घरातही मुलाइतका हक्क आला. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीत वाटा फिटला असे समजणारे भाऊ मी माझ्या माहेरीच पाहिले आहेत. त्यामुळे हा प्रश्न मला वकिलांच्या मापाने मोजता येईना.

ताब्याला सात आठवडे उरलेले. हे म्हणत होते, "चाचा वाईट मानतील, सौदा मोडेल, आपण रस्त्यावर येऊ." चाचांनी खरेच वाईट मानले. दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी एकटीच श्रीवर्धनची एस.टी. पकडली.

आपा सत्तरीच्या पुढच्या, सुपारी सोलत बसलेल्या. तिकडची रोठा सुपारी नावाजलेली आहे. माझे सगळे बोलणे त्यांनी अडकित्ता न थांबवता ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तीस वर्षांत मला विचारायला आलेली तुम्ही पहिली. आणि तुम्ही तर परक्या."

मला वाटले, आता डोळ्याला पदर लावून सही देतील. तसे काही झाले नाही. त्यांनी विचारले, "सौदा कितीचा?" मी सांगितले. त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि आपल्या वाट्याचा आकडा रुपयापर्यंत बरोबर सांगितला. "एवढ्याचा चेक माझ्या नावाचा. मुलाच्या नाही, भावाच्या नाही. आणि माझ्या अम्मीचा पाटा-वरवंटा न्हाणीघराच्या बाजूला पडलाय, तो. आणि फणस धरला की दोन फणस."

हे ऐकून चाचा भडकतील अशी माझी समजूत होती. ते बराच वेळ छपराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिशेबात ती लहानपणापासून माझ्यापेक्षा हुशार." खरेदीखतात पाच देणारे आणि पाच रकमा स्वतंत्र लिहिल्या गेल्या. नोंदणीच्या दिवशी आपा रिक्षाने आल्या, अंगठा टेकवून छायाचित्र काढून घेतले, आणि चेक तीनदा वाचून पिशवीत ठेवला. भावाशी त्या काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. पण दोघांनी एका बशीतला चहा प्यायला.

सामानाच्या ट्रकची हकीगत सांगत बसत नाही. घोणसे घाटात शिसवी कपाटाचा आरसा फुटला आणि ह्यांनी त्याचे सगळे खापर माझ्यावर फोडले. निळा पत्रा आम्ही काढला, मंगलोरी कौले चढवली. वीज जाते तेव्हा जाते, ती यायची वाट बघत आम्ही पडवीत बसतो. चाचा गल्लीच्या तोंडाशी भावाच्या मुलाच्या घरात राहतात आणि येता-जाता विहिरीत डोकावून पाणी किती आहे ते आम्हाला सांगतात, जणू विहीर अजून त्यांचीच आहे.

पहिल्या मे महिन्यात आपा आल्या. फणसाखाली उभ्या राहून त्यांनी बोटाच्या टिचकीने एकेक फळ वाजवून पाहिले, दोन उतरवून घेतले आणि रिक्षात ठेवले. तिसरे फळ आमच्या ओटीवर ठेवीत म्हणाल्या, "बरका आहे हो. तुम्हा मुंबईकरांना काप्याची सवय. हाताला आधी तेल लावा, आणि तुमच्या मिस्टरांना म्हणावं, सुरी नको, हातानं फोडा."

ह्यांनी सुरीच घेतली.