तुंगारेश्वरची घळ : पावसात बेत, थंडीत चाल

वसई-विरारला नद्यांची वाण नाही. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदीचे मुख म्हणजे आपली वसईची खाडी. पण या दोन्ही नद्या आपल्या दारी येतात तेव्हा रुंद आणि संथ झालेल्या असतात. काळ्या खडकांमधून खळाळत उतरणारे पाणी पाहायचे असेल, तर समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघावे लागते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वरचे डोंगर सुरू होतात. त्या डोंगरांमधल्या घळीतून एक ओढा खाली येतो आणि त्याच्या सोबतीने एक रुंद वाट वर जाते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सर्वांनी मिळून याच वाटेने चालायचे, असे आम्ही ठरवले आहे.

बाहेर पाऊस कोसळत असताना हा बेत आखत आहोत, हे ऐकून शेजाऱ्यांना नवल वाटले. “मग आत्ताच जा की, धबधबे तर आत्ताच आहेत!” असे त्यांचे म्हणणे. आमच्या घरातही हेच मत जोरात होते. थोरला मुलगा यंदा दहावीत आहे. त्याचे मित्र येत्या रविवारी चिंचोटीच्या धबधब्यावर जाणार होते आणि त्यालाही जायचे होते. त्याला नुसते “नाही” म्हणून भागणार नव्हते. म्हणून आम्ही त्याच्यासोबत बसून, ओढ्याचे पाणी पावसात कसे वागते हे समजून घेतले.

पाणी कसे येते

आपला सह्याद्री आणि त्याचे हे पश्चिमेकडचे डोंगर बेसॉल्टचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून हा खडक झाला. तो घट्ट असतो. जूनच्या पावसाने वरची माती एकदा तृप्त झाली की नंतरचे पाणी मुरायला जागा उरत नाही, ते उतारावरून थेट ओढ्यात येते. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चारच महिन्यांत. डोंगरमाथ्यावर एक जोराची सर आली की सगळ्या उतारांचे पाणी एका अरुंद घळीत गोळा होते. खाली ऊन पडलेले असते, मुले पाण्यात खेळत असतात आणि काही मिनिटांत ओढा चढतो. गुडघ्याएवढे वाहते पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलते. ओढ्यातले गोल गुळगुळीत धोंडे पाहिले की या ताकदीची कल्पना येते. ते तिथे कोणी आणून ठेवलेले नाहीत, पाण्यानेच घरंगळत आणले आहेत.

चिंचोटी याच जंगलाच्या दक्षिण अंगाला, कामणच्या बाजूला आहे. धबधब्याखालचा डोह वरून शांत दिसतो, पण तळाचा खडक कुठे उथळ आणि कुठे एकदम खोल आहे, हे वरून कळत नाही. तिथे अनेक तरुण बुडाले आहेत. जुलै २०१८ मध्ये तर अचानक पाणी वाढून शंभराच्या आसपास लोक तिथे अडकले. बचाव पथकांनी त्यांना बाहेर काढले, पण एकाचा जीव गेला. म्हणूनच पावसाळ्यात अशा जागांवर प्रशासन बंदीचे आदेश काढते. हे वाचून मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण मित्रांना काय सांगू?” आम्ही म्हणालो, “सांग, नोव्हेंबरात आमच्यासोबत चला.” त्यातले दोघे येणार आहेत.

वाट आणि तिची मापे

तुंगारेश्वर हे २००३ पासून अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. एका बाजूला बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि दुसऱ्या बाजूला तानसा अभयारण्य, यांच्या मधला हा जंगलाचा दुवा आहे. बिबट्या, भेकर, वानर यांचा हा जाण्यायेण्याचा मार्ग. आपण तिथे पाहुणे आहोत, हे मुलांना निघण्याआधीच सांगितले आहे.

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून रिक्षाने सातिवलीच्या बाजूने अभयारण्याच्या नाक्यापर्यंत जाता येते. तिथे वनविभागाचे प्रवेश शुल्क भरायचे आणि चालायला लागायचे. नाक्यापासून तुंगारेश्वराच्या मंदिरापर्यंत साधारण तीन किलोमीटर अंतर आहे. चढ सौम्य आहे. वाट ओढ्याला पुन्हा पुन्हा ओलांडते, त्यामुळे पाणी कधी डाव्या हाताला, कधी उजव्या हाताला असते. दोन्ही बाजूंना साग, ऐन, खैर आणि बांबू. मंदिराच्या पुढे डोंगरावर जाणारी लांब चढण आहे. ती आमच्या बेतात नाही.

कारण आमचा बेत नानीच्या पायांवर बेतलेला आहे. नानी ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. दरवेळी सहल निघाली की “तुम्ही जा, मी घर सांभाळते” हे त्यांचे वाक्य ठरलेले. या वेळी आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. नानी किती चालू शकतात, तेवढीच आमची सहल. रोज असरनंतर त्या एका नातवाला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. आधी दहा मिनिटे, आता पंचवीस झाली आहेत. नोव्हेंबरपर्यंत तासभर जमले तर मंदिराजवळून परतायचे, नाही तर ओढ्याच्या पहिल्या-दुसऱ्या ओलांडणीपाशी चटई टाकून बसायचे. तिथेही पाणी तेच, सावलीही तीच. सर्वांत पुढे नानी चालतील, त्यांच्या पुढे कोणी जायचे नाही.

दिवस आणि वेळ

ओढ्याला पाणी असावे पण पूर नसावा, असा काळ म्हणजे पाऊस थांबल्यावरचे पहिले काही आठवडे. पुढे उन्हाळ्याकडे ओढा आटत जातो. रविवारी गर्दी फार असते. सोमवार हा शिवभक्तांचा दिवस, त्या दिवशी दर्शनाला येणाऱ्यांची वाट आपण अडवू नये. शुक्रवारी जुम्याची घाई. म्हणून आम्ही मंगळवार किंवा बुधवार निवडला. त्या आठवड्यात अवकाळी पावसाचा इशारा असेल, तर तारीख पुढे जाईल.

फजरची नमाज घरी पढून साडेसहाला निघायचे. सूर्य वर येईपर्यंत नाक्यावर पोहोचायचे. साडेदहा वाजता, जिथे असू तिथून मागे फिरायचे. मग मंदिर शंभर पावलांवर असले तरी चालेल. जोहरच्या जमातीला वसईत परत. त्यामुळे वुजू आणि नमाजेची ओढाताण होत नाही आणि उन्हाचा ताप चढायच्या आत चालणे संपते. साडेदहाचा हुकूम देण्याचे काम थोरल्या मुलाकडे आहे. घड्याळ त्याच्या हातात राहील आणि त्याचा शब्द अब्बांनाही मोडता येणार नाही. ही जबाबदारी मिळाल्यापासून तो रोज हवामानाचा अंदाज बघतो.

पिशवीत काय

प्रत्येकाला दीड लिटर पाणी. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी प्यायचे नाही. चपला नकोत, खोबणीच्या तळव्याचे बूट हवेत, कारण शेवाळलेल्या खडकावर गुळगुळीत तळवा टिकत नाही. बायकांनी बुरख्याचा किंवा सलवारचा घोळ घोट्याच्या वर राहील अशी शिवण घातलेली बरी. घरातल्या बायका सहलीला नको म्हणतात त्यामागे बऱ्याचदा स्वच्छतागृहाची काळजी असते, ते कोणी विचारत नाही. आमची चाल दोन-तीन तासांची आहे आणि निघण्याआधी स्थानकाजवळ थांबायचे असे वेळापत्रकातच लिहिले आहे.

डबा पूर्ण शाकाहारी ठेवला आहे. वाट देवळाकडे जाते, तेव्हा शेजारधर्माने एवढे करावे. मेथीचे पराठे, खजूर, चिक्की आणि वसईची सुकेळी. खाणे उघड्यावर ठेवायचे नाही, वानरांना द्यायचे तर नाहीच. सगळा कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी.

एक दहा मीटर दोरीही आहे. कोणी पाण्यात पडले तर मागोमाग उडी मारायची नाही. काठावर पालथे पडून दोरी किंवा ओढणी फेकायची. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून लगेच उंचावर जायचे. ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि वनविभागाचा १९२६ हे क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेले असतील. घळीत फोनला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून “दुपारी दोनपर्यंत आम्ही परत आलो नाही तर चौकशी करा” हे शेजाऱ्यांना सांगून ठेवू.

धाकट्या मुलींसाठी एक वही घेतली आहे. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका अनाथ मुलाने लहानपणी एक चिमणी पाहिली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता, हे त्याच्या मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तोच मुलगा पुढे डॉ. सालिम अली म्हणून जगाला माहीत झाला. आमच्या मुलींनी वहीत आतापासून रकाने आखले आहेत : पक्ष्याचा रंग, आवाज, कुठे बसला होता. नाव कळले नाही तरी चालेल, नीट पाहिले पाहिजे, एवढीच अट.

नानींनी काल स्वतःसाठी बूट आणवले. आयुष्यातले पहिलेच. घरात घालून त्या स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालून बघत होत्या. पाऊस अजून दीड-दोन महिने आहे. तोवर बूट पायाला सवयीचे होतील, इन्शाअल्लाह.