मोठी गाडी घेण्याआधी चाकणला एक चक्कर

नाशिक फाट्यावरून एस.टी. सुटली की भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, कुरुळी आणि मग चाकण. नोकरीला लागलो तेव्हा, तीस वर्षांपूर्वी, हा रस्ता मी कांदा-बटाट्याच्या कामासाठी तुडवला. चाकणचा कांदाबाजार आजही भरतो. पण शेजारच्या निघोजेच्या माळावर आता महिंद्राची स्कॉर्पिओ-एन तयार होते आणि अलीकडे पिंपरीत टाटांची सफारी. त्यामुळे हल्ली गावोगाव पिकाआधी मला एकच प्रश्न विचारतात : "साहेब, जमिनीचे पैसे आलेत, सात माणसांची गाडी घेतोय. ट्रॉली ओढील ना?"

मंडळी, ओढील. पण ऐका.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाने नव्या गाडीला हूक जोडून घेतला आणि चाळीतला दोन टन कांदा ट्रॉलीत भरून निघाला. चढाला क्लचचा जळका वास सुटला, तरी गडी थांबला नाही. पुढे ओल्या उताराला ब्रेक दाबला, तेव्हा ट्रॉलीने मागून असा रेटा दिला की गाडी आडवी होऊन चारीत गेली. आत वहिनी आणि दोन नाती होत्या. पट्टे लावले होते म्हणून खरचटण्यावर निभावले.

गाडीचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास. मागे तेवढेच ओझे, आणि ट्रॉलीला ब्रेक नाही. मग गाडी थांबावी कशी? शिवाय सफारीची ओढ पुढच्या चाकांवर आहे. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलते, तसे मागच्या हुकावर भार पडला की पुढची चाके हलकी होतात आणि चिखलात नुसती फिरतात. स्कॉर्पिओ-एनची ओढ मागच्या चाकांवर, चारही चाकांची सोयही मिळते आणि खाली वेगळी चॅसी आहे. ओढायला तीच बरी. पण कंपनी किती वजन ओढायला परवानगी देते ते लेखी मागा. ट्रॉलीचीही आर.टी.ओ.कडे नोंदणी लागते, हे विसरू नका. माझे विचाराल तर कांदा ट्रॅक्टरनेच न्यावा.

डिझेलचे म्हणाल, तर जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्याचा नसतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. अशा ठिकाणी गाडी रोलरवर, ठरावीक पद्धतीने चालवून तो काढतात. चाकणच्या तळेगाव चौकातली गर्दी त्या रोलरला कुठली माहीत! वर्षाला 12,000 किलोमीटर फिरलात आणि 16 ऐवजी 12 चा हिशेब पडला, तर 750 ऐवजी 1,000 लिटर डिझेल लागते. टाकी काठोकाठ भरा, चारपाचशे किलोमीटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याला हे करायला लावा, मग सौदा करा.

सुरक्षिततेत मात्र घासाघीस नको. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला डिसेंबर 2022 मध्ये मोठ्यांसाठी 5 तारे मिळाले, मुलांसाठी 3. सफारीला ऑक्टोबर 2023 मध्ये दोन्हींत 5. घरात लहान मुले असतील तर हा फरक मी मोठा मानतो. पण हे तारे पट्टे बांधलेल्या पुतळ्यांनी मिळवलेले आहेत, आणि आपण मागच्या रांगेत चौघे कोंबतो! पुढे लोखंडी बंपर लावू नका; धडकेची खबर एअरबॅगपर्यंत नीट पोचत नाही. 2017 च्या डिसेंबरपासून केंद्राने त्याविरुद्ध कारवाईचे आदेशही दिले आहेत.

आणखी एक. शोरूममध्ये जाताना आजीला बरोबर न्या. तिला तिसऱ्या रांगेत बसवा, आणि हात न देता तिला उतरता येते का ते पाहा.