कशालाच न जोडलेलं तांबं

सर्किट बोर्डाच्या मोकळ्या भागात कधीकधी तांब्याचे बारीक गोल ठिपके दिसतात. एक मिलिमीटरचा ठिपका, मध्ये तेवढीच फट, अशा ओळीच्या ओळी. एकही ट्रॅक त्यांच्यापर्यंत येत नाही. सर्किटच्या आकृतीत त्यांचा पत्ता नसतो आणि मीटर लावला तर ते कशालाच जोडलेले सापडत नाहीत. आम्ही त्यांना थीविंग म्हणतो. बोर्ड चालू झाला की त्यांचं काम संपलेलं असतं. खरं तर ते त्याच्या कितीतरी आधीच संपलेलं असतं.

लेआउट करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो वीज खेळणारा बोर्ड. हा ग्राउंड, हा क्लॉक, हा पाच व्होल्ट. पण त्याआधी तोच बोर्ड कॉपर सल्फेट आणि गंधकाम्लाच्या निळ्या टाकीत लटकतो. बाजूंना तांब्याचे अ‍ॅनोड आणि बोर्ड स्वतः कॅथोड. तिथे ग्राउंड काय आणि क्लॉक काय, उघडं असलेलं सगळं तांबं एकच. चौरस डेसिमीटरला २ अँपिअर सोडले तर २५ मायक्रॉन तांबं चढायला साधारण तास लागतो. हा हिशेब सरासरीचा. प्रत्यक्षात करंट उघड्या तांब्याच्या मांडणीप्रमाणे वाटला जातो. पाटाच्या एका अंगाला दहा वाफे आणि दुसऱ्या अंगाला एकच असेल, तर सारख्याच पाण्यात त्या एकट्याचा चिखल होतो. रिकाम्या भागातून जाणाऱ्या एकट्यादुकट्या ट्रॅकचं तसंच होतं.

म्हणजे नेमकं काय, ते भोसरीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बोर्डाचा तुकडा रेझिनमध्ये बसवून, घासून, चकचकीत केलेला. ट्रॅकच्या दोन्ही अंगांना ड्राय फिल्मच्या, म्हणजे नको तिथे तांबं चढू न देणाऱ्या थराच्या भिंती, ३८ मायक्रॉन उंचीच्या. तांबं आणि एचिंगमध्ये त्याला वाचवणारं त्यावरचं कथील या भिंतींच्या आत राहायला हवं होतं. या ट्रॅकवर ते भिंतींच्या वर चढून दोन्हीकडे फिल्मच्या डोक्यावर पसरलं होतं. पुढे फिल्म काढताना या पसरलेल्या कडेखाली ती अडकून राहते. तिच्याखालचं मूळ तांबं मग एचिंगमध्ये विरघळत नाही, आणि शेजारून दुसरा ट्रॅक जात असेल तर दोघांचा शॉर्ट होतो. अशा भागात भोक असेल, तर त्याच्या आतही तांबं जास्त चढतं, भोक अरुंद होतं आणि जुळणीच्या वेळी कनेक्टरची पिन आत जात नाही. ठिपके हा जादा करंट स्वतःवर घेतात.

आतल्या लेयरला सहसा हे प्लेटिंग नसतं, तरी तांब्याचा समतोल तिथेही लागतोच. थर एकत्र दाबताना त्यांच्यामधल्या प्रीप्रेगचं, म्हणजे रेझिन मुरवलेल्या काचकापडाचं रेझिन वितळून रिकाम्या जागा भरतं. एका बाजूला तांबं आणि दुसरीकडे नुसती मोकळीक असेल, तर जाडी सारखी राहत नाही आणि बोर्ड वाकतो. एसएमटी बोर्डाला, म्हणजे ज्याच्या पृष्ठभागावरच सुटे भाग बसतात त्याला, ०.७५ टक्के वाकणं चालतं, म्हणजे २०० मिलिमीटरला दीड मिलिमीटर. सोल्डरिंगच्या भट्टीतून बाहेर आल्यावर एवढंही कधी जड जातं.

मग हे ठिपके टाकायचे कोणी? बहुतेक वेळा कारखान्यात डिझाइनच्या फाइली उत्पादनासाठी तयार करणाऱ्या कॅम विभागाची मेल येते, ‘मोकळ्या जागेत थीविंग टाकू का? कळवावे.’ आणि डिझायनर मिनिटभरात ‘ओके’ लिहून मोकळा होतो. मला हे पटत नाही. कारखान्याला टाकी माहीत असते, सर्किट माहीत नसतं. त्याला पाठवलेल्या गर्बर फाइलमध्ये, म्हणजे लेयरच्या नुसत्या चित्रात, रिकामी जागा फक्त रिकामी दिसते. पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि माणसाचा हात लागणारी बाजू यांच्यात मी ८ मिलिमीटर मोकळे सोडतो. त्या पट्ट्यात एकेक मिलिमीटरचे चार ठिपके आडवे बसले, की इन्सुलेशन उरलं चारच मिलिमीटर. बोर्ड चालेल, चाचणीतही कदाचित पास होईल, पण वापरणाऱ्याच्या सुरक्षेचा अर्धा भाग गेलेला असेल. २.४ गिगाहर्ट्‌झच्या अँटेनाशेजारी ठिपके आले तर तिचं ट्यूनिंग सरकतं. जुळणी मशीन ज्या खुणांवरून बोर्डाची जागा ठरवतं, त्या फिड्युशियलजवळ आले तर त्याच्या कॅमेऱ्याची फसगत होते.

सगळीकडे ग्राउंडचं तांबंच पसरून द्यावं, असंही काही जण म्हणतात. पुष्कळदा तेच योग्य असतं. पण ग्राउंड हा सर्किटचा भाग आहे. तो आला की रिटर्न करंटच्या वाटा आणि शेजारच्या ट्रॅकची कपॅसिटन्स यांचाही विचार आला. केवळ टाकीची सोय म्हणून तो कुठेही ओतता येत नाही.

म्हणून माझ्या ड्रॉइंगमध्ये एक जादा लेयर असतो, ‘थीविंग नको’ या नावाचा. आयसोलेशनचा पट्टा, अँटेनाची जागा, फिड्युशियल, बोर्डाची कड त्यात आखलेली. बाकी जागेत कोणत्याही ट्रॅकपासून अडीच मिलिमीटर दूर राहून हवे तेवढे ठिपके टाका, असं खाली लिहिलेलं. टाकल्यावरची गर्बर फाइल परत मागवतो आणि मूळ फाइलवर ठेवून पाहतो. तांबं कुठे कमी पडतंय ते कारखान्याने सांगावं, कुठे चालणार नाही ते मी. ‘ओके’ त्यानंतर.