दबाई

'दबाई' हा शब्द आमच्या घरात भाकरीइतकाच जुना. १९७२ च्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडीत असे. आबा गेली कित्येक वर्षे मुरुमावर पाणी मारतात. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे या शब्दाची मला थोडी लाजच वाटे.

गेल्या उन्हाळ्यात फीच्या पैशांसाठी आबांबरोबर कामावर गेलो. रस्ता आमच्याच गावचा. आबा ओला मुरूम मुठीत दाबून पाहत. त्याचा गोळा झाला आणि तळहाताला चिखल लागला नाही, की म्हणत, "आता फिरू द्या रोलर."

एके दिवशी घाई होती. दोन थरांचा मुरूम एकदमच पसरला. आबा म्हणाले, "मुकादम, खालचं दबायचं नाही हो." उत्तर आले, "आबा, तुम्ही पाणी मारा." रोलर फिरला. वरून रस्ता कसा गुळगुळीत दिसत होता! संध्याकाळी मजुरी खिशात घालून मी गप्प घरी आलो.

श्रावणात नेमका तेथेच रस्ता खचला. एस.टी. अलीकडेच थांबू लागली. आजीला डोळे दाखवायला नेताना चिखलातून चालवत न्यावे लागले. ती म्हणाली, "रस्ता कुणी केला रे हा?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मित्राचे पुस्तक चाळले. १९३३ साली प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने दबाईची परीक्षा मांडली. साध्या चाचणीत २.६ किलोचा हातोडा ३१० मिलिमीटरवरून टाकतात. तीन थर, प्रत्येकाला २५ ठोके. जड चाचणीत हातोडा ४.९ किलोचा, उंची ४५० मिलिमीटर आणि थर पाच. मी हिशेब केला. मेहनत सुमारे साडेचार पट होते. तेवढ्याने माती अधिक घट्ट बसते आणि पाणीही कमी लागते. पण घट्टपणा काही साडेचार पट होत नाही, थोडाच वाढतो. मऊ मुरूम फारच कुटला तर त्याचे दाणे फुटून पीठ होते. पाणी कमी पडले तर दाणे एकमेकांवरून सरकत नाहीत. जास्त झाले तर पोकळीत पाणीच ठाण मांडते. आणि थर जाड असेल, तर रोलरचा जोर तळापर्यंत पोहोचतच नाही. वरचे कवच तेवढे घट्ट होते. साधा आठ-दहा टनी रोलर १०० मिलिमीटरच्या आसपासच्या थरालाच पुरतो. आबांची मूठ आणि पुस्तकातील आलेख एकच गोष्ट सांगत होते.

पुस्तक मिटले तेव्हा आबांच्या अडाणीपणाविषयीची माझी कल्पना गळून पडली होती. पण दुसरीच लाज मनात घर करून बसली. त्या दिवशी अंगठेबहाद्दर आबा बोलले होते. कॉलेजात शिकणारा मी मात्र बोललो नव्हतो.

— द्वितीय वर्ष, कला