फाशांचा आवाज

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आम्ही वर्गात बरीच वर्षे शिकवत आलो आहोत. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले, म्हणून आमच्या भागात त्याचे कौतुक अंमळ जास्तच. दुसऱ्या अंकात संवाहक दहा सुवर्ण हरतो आणि उलट्या पावलांनी चालत एका ओस देवळात शिरून मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे तिथेच, त्याच्यासमोर डाव मांडतात. फासे वाजू लागतात. संवाहक मन आवरू पाहतो. अखेर डाव आपला असल्याचे सांगत पुढे येतो आणि सापडतो.

या प्रसंगाला वर्ग हसतो. आम्हीही हसत असू.

२०२० च्या टाळेबंदीत वर्ग फोनवर आले आणि त्याच फोनवर रमीही आली. पहिले दहा रुपये जिंकलो. पुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उशाशी आणि पत्ते पिसल्याचा आवाज कानाशी, अशा रात्री सुरू झाल्या. हरलो की भरपाईसाठी खेळायचे, जिंकलो की जिंकलो म्हणून. मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडली, ती घरी कोणालाही न सांगता. कोरेगावच्या बाजारपेठेत लोक ‘सर’ म्हणून नमस्कार करीत, तेव्हा देवळातली ती मूर्ती आठवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराचा आणि डिजिटल खेळांचा, असे दोन्ही विकार आहेत. लक्षणे सारखीच: ताबा सुटणे, इतर सारे मागे पडणे, हानी दिसत असूनही न थांबणे. हरलेल्या रकमेचा आकडा त्यांत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि आमचा अड्डा बंद पडला. पण रात्री अकराला अंगठा अजून तीच जागा चाचपतो. कायदा डाव मोडतो. कान तसाच राहतो.

वसंतसेनेने हातातला दागिना देऊन संवाहकाला सोडवले. आमच्या घरी फीसाठी पाटल्या मोडल्या त्या सौभाग्यवतींनी, एक शब्दही न बोलता. संवाहक पुढे बौद्ध भिक्षू झाला. संसारी माणसाला ती वाट नाही.

यंदा तो अंक शिकवताना वर्ग नेहमीप्रमाणे हसला. शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी तेवढा हसला नाही. तास संपल्यावर आम्ही त्याला थांबवून घेतले आणि आधी आमची हकीकत सांगितली.