घुबड उडाले नाही

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागते. नागपूर–रायपूर महामार्गावरच्या गाड्या इथून भरधाव निघून जातात. गोसीखुर्द धरणाचे पाणी मागे फुगत येत असल्याने हिवाळ्यातही नदीचे पात्र भरलेले दिसते. डिसेंबरात धान कापून झालेला असतो, बांध्या मोकळ्या असतात, धुऱ्यावरची तूर शेंगांनी भरलेली असते. पहाटे धुके असे की फजरच्या वेळी पलीकडचा काठ दिसत नाही.

या परिसरात माझ्या मामूंचे शेत आहे. मागच्या हिवाळ्यात बारा वर्षांच्या लेकीला घेऊन मी तिकडे गेले. तिच्या हातात कॅमेरा होता आणि मनात एकच गोष्ट. काठावर घुबडांची जोडी आहे, असे मामूंनी फोनवर सांगितले होते.

नानींना ते आवडले नाही. "उल्लूचा फोटो घरात? घर वीरान करायचंय का?"

मामू हसले. "अम्मी, हे घुबड इथं वर्षानुवर्षं आहे. घर भरलेलंच आहे ना आपलं?" मग त्यांनी 'हामा'ची गोष्ट काढली. इस्लामपूर्व अरबांत अशी समजूत होती की, खून झालेल्या माणसाचा आत्मा घुबडासारखा पक्षी होऊन सूडासाठी ओरडत राहतो. प्रेषितांनी (स.) अपशकुनाबरोबर ही हामाची समजूतही नाकारली, बुखारी शरीफमध्ये ती हदीस आहे. नानी गप्प राहिल्या, पण निघताना लेकीच्या गळ्यात मफलर मात्र त्यांनीच गुंडाळला.

वाटेत मी लेकीला माझी एक चूक सांगितली. कॉलेजात असताना आंब्याच्या ढोलीत पिंगळा दिसला होता. तो बाहेर यावा म्हणून मी खोडावर काठी आपटली. तो भर दुपारी उडाला आणि क्षणात कावळे त्याच्यामागे लागले. फोटोत फक्त शेपटी आली. तो पिंगळा परत आला की नाही, हे पाहायला मी थांबलेसुद्धा नव्हते.

मामूंच्या काठावरचे ते शृंगी घुबड. डोक्यावर पिसांचे दोन उभे तुरे, नारिंगी डोळे, अंगावर मातीचा रंग. हे घुबड काटक्यांचे घरटे बांधत नाही. नदीकाठच्या दरडीत, कपारीत जमिनीवरच मादी अंडी घालते आणि तिचा तो हंगाम नेमका हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून पुढे असतो. आपण स्वेटर घालून हौसेने फिरायला निघतो तेव्हा ती अंड्यांवर बसलेली असू शकते. तिला उठवले की अंडी उघडी पडतात, कावळ्यांना वाट दिसते. सफरीत कुणी पक्षिणीची पिल्ले उचलली, तेव्हा ती परत ठेवायला सांगणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण मुलांना सांगतो. घरट्याजवळ पाऊल टाकताना ती आठवायला हवी.

मामूंनी आम्हाला दरडीपासून शंभरेक पावलांवर, तुरीच्या आडोशाला बसवले. दुर्बिणीतून पाहिले तर घुबड डोळे अर्धवट मिटून बसलेले. लेकीला राहवले नाही. ती उठली, दोन पावले पुढे गेली. घुबडाने डोळे पूर्ण उघडले, अंग ताठ केले, तुरे उभे केले.

"बेटा, त्यानं तुला पाहिलं," मामू हळूच म्हणाले. "आता तू मागं ये, नाहीतर त्याला जावं लागेल."

ती मागे आली. डोळ्यांत पाणी होते. पाच-सात मिनिटांनी घुबडाचे डोळे पुन्हा मिटू लागले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताणही सैल झाला.

आम्ही वाट पाहिली. फ्लॅश बंद, टॉर्च बंद. मोबाईलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलवायचे नाही, कारण आपल्या हद्दीत परका आला असे समजून ते अस्वस्थ होते. उंदीर बांधून आमिष दाखवायचे नाही. सूर्य टेकला आणि घुबड आपणहून दरडीच्या टोकावर येऊन बसले. खोल आवाजात ते दोनदा घुमले. लेकीने चार फोटो काढले. मगरिबची वेळ झाली तसे आम्ही उठलो, वाकून, मागच्या मागे. घुबड उडाले नाही.

परतताना मामूंनी याच महामार्गाची एक गोष्ट सांगितली. हा रस्ता रायपूरच्या पुढे छत्तीसगडमधल्या बसन्यावरून जातो. त्या भागात 1872 साली रानपिंगळ्याचा पहिला नमुना मिळाला, तोही बंदुकीने. तेव्हा पक्षी ओळखायचा म्हणजे मारायचाच. 1884 नंतर तो शास्त्रज्ञांना दिसेनासा झाला आणि थेट 1997 च्या नोव्हेंबरात आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. या वेळी पुराव्याला फोटो आणि चित्रफीत पुरली. कॅमेऱ्याने बंदुकीची जागा घेतली, ही केवढी मोठी गोष्ट! फक्त आपण कॅमेराच बंदुकीसारखा चालवू नये.

घरी आल्यावर लेकीने फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. लगेच प्रश्न आला, "नेमकं कुठे?" मी तिला थांबवले. पक्षितज्ज्ञ अबरार अहमद यांनी देशभरातल्या पक्षीबाजारांचा अभ्यास केला. 2010 मध्ये त्यांचा अहवाल आला, तेव्हा भारतातल्या तीसपैकी पंधरा जातींची घुबडे व्यापारात आढळली होती. जादूटोण्यासाठी त्यांना पकडतात, दिवाळीच्या सुमारास जास्तच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, पण शिकाऱ्याला पत्ता आपल्याच फोटोतून मिळाला तर कायदा काय करणार? मोबाईलच्या फोटोत तर जागेची नोंद आपोआप जाऊ शकते. ती बंद करूनच फोटो पाठवावा.

लेकीने थोडा विचार करून उत्तर लिहिले, "नदीकाठी."

म्हणून मीही इथे कारधा एवढेच लिहिले आहे. दरड कोणती, शेत कोणते, हे विचारू नका.

त्या रात्री नानी अंगणात शेकोटीजवळ बसल्या होत्या. लांबून घुमण्याचा आवाज आला. त्यांनी मान वळवली, क्षणभर ऐकले आणि लेकीला म्हणाल्या, "बघ, तुझं घुबड बोलतंय. फोटो दाखव बरं एकदा."