पाणी आणि हवा

औंढ्याच्या नागनाथाचे लिंग तळघरातील गाभाऱ्यात आहे. वर येणारास वाट दिल्यावाचून त्या अरुंद मार्गाने खाली उतरता येत नाही. मोटारीच्या रेडिएटरची गत हीच. घाईने पाणी ओतले की आत हवा कोंडते, एंजिन भाजून निघते, आणि काटा कधीकधी थंडच दाखवितो!

मागील वैशाखात देवळाबाहेर वृद्ध मातोश्री ताटकळत होत्या, तरी झाकण तत्काळ काढण्याचा मंडळींचा आग्रह आम्ही मानला नाही. दाबाखालचे तप्त पाणी तोंडावरच उसळते. एंजिन पुरते निवल्यावर मोटारीचे तोंड चढाकडे केले, हीटर उघडला (मंडळी हसली, हसोत बापडी!) आणि ग्लायकोलमिश्रित पाणी संथ धारेने सोडले. एंजिन सुरू होताच बुडबुडे आले, पातळी उतरली. तेवढे पुन्हा भरले. बुडबुडे थांबून हीटरचा वारा कढत झाला, तेव्हाच झाकण लावले.